बेने इस्रायल : धर्म, संस्कृती आणि राष्ट्रीयत्व

बेने इस्रायल हा कोकणातील, मुख्यतः पूर्वीच्या कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, मराठीभाषक यहुदी समाज. धर्म यहुदी, भाषा आणि राहणी मराठी, नागरिकत्व आधी ब्रिटिश प्रजेचे, मग भारतीय आणि १९४८ नंतर बहुतेकांचे इस्रायली. समान संस्कृती, धर्म आणि राष्ट्रीयत्व यांचा संबंध तपासायला याहून चोख उदाहरण मराठी मुलखात सापडणार नाही, कारण इथे या तिन्हींच्या दिशा वेगळ्या आहेत. कोकणातल्या गावात त्यांचा एकमेकांशी फारसा खटका उडाला नाही. खटका उडाला तो प्रार्थनालयाच्या मतदारयादीत आणि विवाहनोंदणीच्या कचेरीत, म्हणजे माणूस नेमका कोण हे एका रकान्यात लिहायची वेळ आली तेव्हा.

उगमाची परंपरा

समाजाच्या परंपरेनुसार अलिबागच्या उत्तरेला नवगावच्या किनाऱ्याजवळ एक जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले. बुडालेल्यांना नवगावातच पुरले असे मानतात व तेथे स्मारक आहे. ही घटना बहुधा इ. स. पू. दुसऱ्या शतकातली सांगितली जाते, पण तिला समकालीन लेखी पुरावा नाही. चित्पावनांच्या उत्पत्तिकथेतही समुद्रातून वाहून आलेले चौदा देह येतात. तेव्हा ही कथा इतिहास म्हणून वाचण्याआधी कोकणची कथा म्हणून वाचावी हे बरे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतील यहुदी आणि स्थानिक भारतीय असे दोन्ही पूर्वजत्व आढळले. बाहेरून आलेले आणि इथलेच, ही दोन्ही विधाने त्यामुळे एकाच वेळी खरी ठरतात.

गावात हा समाज तेल गाळण्याचा धंदा करी. शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. शेजाऱ्यांना कळलेली ओळख ही अशी होती: जात तेल्याची, सुट्टी वेगळी. आडनावे गावांवरून पडली. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, दिवे आगरचे दिवेकर, तसेच चेऊलकर, अष्टमकर, नवगावकर, झिराडकर. पहिली नावे बायबलमधलीच, पण मराठी वळणाची: सॅम्युएलचा सामाजी, एझकेलचा हसाजी, आयझॅकचा इसाजी, मोझेसचा मुसाजी.

ग्रंथाविना टिकलेला धर्म

हिब्रू विसरली गेली होती, रब्बी म्हणजे धर्मगुरू नव्हते, तोराहची म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांची गुंडाळीही नव्हती. सण सोडले तर राहिल्या त्या चारच गोष्टी: शनिवारचा विसावा, मुलाची आठव्या दिवशी सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे खाण्याचा नियम, आणि ‘शेमा इस्राएल’ हे प्रार्थनेचे आरंभीचे वाक्य. जन्म, लग्न, मृत्यू, नवस अशा सर्व प्रसंगी हे एकच वाक्य म्हटले जाई.

सणांची हिब्रू नावे गेली तरी बरेच सण राहिले आणि त्यांना मराठी नावे मिळाली. वर्षारंभ तो नव्याचा सण. प्रायश्चित्ताचा उपवास तो दरफाळणीचा सण. त्या दिवशी पांढरे कपडे घालून, दारे लावून घरात राहायचे आणि बाहेरच्यांचा स्पर्श टाळायचा. दुसऱ्या दिवशी दानधर्म आणि भेटीगाठी, तो शिळा सण. आश्विनाच्या सुमारास नव्या तांदळाची खीर शिजवून तिच्यापुढे धूप दाखवीत व शेमा म्हणत, तो खिरीचा सण. पुरीमला होळीचा सण म्हणत, कारण दोन्ही एकाच सुमारास येतात. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन मात्र बिरड्याचा सण झाला: मांस वर्ज्य, म्हणून पानात मोड आलेल्या वालांचे बिरडे. हनुक्का या यादीत नाही. हा सण इ. स. पू. १६४ मध्ये जेरुसलेमचे मंदिर पुन्हा शुद्ध केले गेले त्यावरून सुरू झाला. तो ठाऊक नसणे म्हणजे समाज त्याआधीच निघाला, असा युक्तिवाद पूर्वी होत असे. तो फारसा भक्कम नाही. ज्या समाजाचे बहुतेक वाङ्मय हरवले, त्याचा एखादा सणही हरवू शकतो.

शेजाऱ्यांकडून उचललेल्या गोष्टीही कमी नाहीत. गोमांस टाळणे, विधवाविवाह न करणे, आणि समाजातच ‘गोरे’ व ‘काळे’ असे दोन गट पाडून त्यांच्यात सोयरीक न करणे. यांतल्या एका चालीचा उल्लेख पुढे, जेरुसलेमच्या संदर्भात, पुन्हा येईल.

बाहेरच्या यहुदी जगाशी जोड

डेव्हिड रहाबी नावाच्या गृहस्थाने या लोकांना यहुदी म्हणून ओळखले, असे परंपरा सांगते. त्याने बायकांपुढे मासळीची टोपली ठेवली आणि त्यांनी खवल्यांची मासळी बाजूला काढली. त्याने तीन घराण्यांतील माणसांना धर्मविधी शिकवले. त्यांचे वंशज ‘काझी’ म्हणून लग्ने लावीत व तंटे सोडवीत. रहाबी नेमका कोणत्या शतकातला यावर एकमत नाही.

पक्की तारीख मिळते ती १७९६ ची. इंग्रजांच्या फौजेतील अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर म्हणजे सॅम्युएल एझकेल दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आला आणि त्याने मुंबईत शआर हाराहमीम हे समाजाचे पहिले सिनेगॉग म्हणजे यहुदी प्रार्थनालय बांधले. समाजाच्या बोलीत सिनेगॉगला ‘मशीद’च म्हणत, आणि ही झाली जुनी मशीद, जवळच्या मसजिद स्थानकाचे नाव तिच्यावरूनच पडले असे सांगितले जाते. पुढच्या शतकात कोचीनचे यहुदी शिक्षक आले, आणि मुख्य म्हणजे ख्रिस्ती मिशनरी आले. जुना करार मराठीत मिळाला तो त्यांच्यामुळे, आणि जॉन विल्सन यांचे हिब्रू व्याकरण १८३२ मध्ये मराठीतून निघाले. हेतू धर्मांतराचा होता. निष्पन्न झाले उलटेच: यहुदी धर्म अधिक पक्का झाला.

वल्हांडणाच्या म्हणजे इजिप्तमधून सुटकेच्या सणाच्या रात्री वाचायची पोथी, हग्गादा, मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये छापली गेली. पुणे आवृत्तीच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या आहेत. १८८० च्या सुमारास अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या आख्यानांची कीर्तने सुरू झाली. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, ओवी असा सगळा साज वारकरी-नारदीय कीर्तनाचा, आख्यान तेवढे तोराहमधले. संस्कृती समान असणे म्हणजे काय ते इथे दिसते: आशय एक नसला तरी सांगण्याची रीत दोघांची एकच.

मलिदा

समाजाचा सर्वांत ठळक, आणि इतर कोणत्याही यहुदी समाजात या रूपात नसलेला विधी म्हणजे मलिदा. नवस फेडताना, लग्नाआधी मेंदीच्या सुमारास, सुंतेनंतर, नव्या घरात शिरताना तो करतात. आवाहन प्रेषित एलियाहूचे (एलियाहू हन्नावी) असते. अलिबागजवळच्या खंडाळे-सागाव भागात एका खडकावरच्या खुणा एलियाहूच्या रथाच्या व घोड्याच्या टापांच्या मानल्या जातात. तिथेही लोक मलिदा करायला जातात.

साधारण वीस माणसांसाठी अर्धा किलो जाड पोहे, एक मोठा नारळ, पाव किलोच्या आसपास साखर, सात-आठ वेलदोडे आणि वाटीभर काजू, बदाम, बेदाणे लागतात. पोहे रोवळीत घेऊन पाण्याखाली एकदाच भिजवायचे आणि पंधरा मिनिटे निथळू द्यायचे. मग खवलेला नारळ, साखर, वेलचीपूड आणि सुका मेवा हाताने हलके मिसळायचा. बिघडतो तो बहुधा तीन कारणांनी. पातळ पोहे घेतले की लगदा होतो. साखर फार आधी घातली तर पाणी सुटते. आणि सकाळी खवलेला नारळ रात्रीपर्यंत ठेवला तर उन्हाळ्यात आंबतो, म्हणून मलिदा विधीच्या तास-दीड तास आधीच कालवावा. दूध किंवा तूप घालायचे नाही. मागाहून जेवणात मटण असते आणि मांसाबरोबर दुग्धजन्य पदार्थ चालत नाहीत.

ताटात पोह्यांची रास करून भोवती किमान पाच प्रकारची फळे मांडतात. फळे निवडताना शोभेपेक्षा आशीर्वचने पाहावी लागतात. यहुदी शास्त्रात झाडाच्या फळाला एक आशीर्वचन, जमिनीतून येणाऱ्याला दुसरे आणि धान्याला तिसरे. खजूर किंवा सफरचंद पहिल्यात जाते, केळे दुसऱ्यात, कारण केळीला शास्त्र झाड मानत नाही. सुगंधासाठी सब्जा किंवा गुलाब ठेवतात, त्याचे आशीर्वचन चौथे. सगळी फळे झाडाचीच आणली तर विधी लंगडा होतो. आधी एलियाहूचे गीत व प्रार्थना, मग एकेक आशीर्वचन म्हणत एकेक पदार्थ चाखणे, शेवटी मलिदा सर्वांना वाटणे. पोहे-नारळ कोकणचे, चौकट यहुदी, आणि ताटातली एकही वस्तू समुद्रापलीकडून आणावी लागत नाही.

हीच तऱ्हा स्वयंपाकातही आहे. मांस आणि दूध एकत्र न करण्याचा नियम इतर यहुद्यांना जाचक होतो. कोकणात नारळाच्या रसाने तो आपोआप सुटला. नव्याच्या सणाच्या चिकाच्या हलव्यातही नारळाचाच रस. गहू तीन दिवस, रोज पाणी बदलून भिजवतात, वाटून चीक काढतात, निवळलेले वरचे पाणी ओततात, आणि चीक, नारळाचा रस व साखर मंद आचेवर न थांबता ढवळतात. मिश्रण कडा सोडू लागले की ताटात ओतून वड्या पाडायच्या. ढवळणे थांबले की तळाशी गाठी धरतात आणि मग त्या मोडत नाहीत. शब्बाथच्या म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या प्याल्यातल्या द्राक्षमद्याची अडचणही अशीच सुटली: काळ्या मनुका रात्रभर पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करायचे. ते शुक्रवारी गाळून त्याच संध्याकाळी वापरतात. ठेवले तर आंबते.

लग्नात हिरवा चुडा, मेंदी आणि मंगळसूत्र आहे. त्याच मांडवात केतुबा म्हणजे विवाहकरार वाचून सह्या होतात, मनुकांच्या सरबताचा प्याला फिरतो, अंगठी घातली जाते, आणि वधू आत येताना वर तिच्याकडे पाहून हिब्रू गीत म्हणतो. कायदेशीर वजन करार, अंगठी आणि साक्षीदारांना आहे. पण मंगळसूत्र नसेल तर आजीच्या लेखी लग्न लागलेच नाही.

रकान्यांचा काळ

१९ व्या शतकात बरीच कुटुंबे मुंबईत व पुण्यात आली; पलटणी, रेल्वे, टपाल, कचेऱ्यांत शिरली. तिथे बगदादी यहुदी भेटले: श्रीमंत, अरबीभाषक, ससून घराण्याच्या भोवतीचे. धर्म तोच, पण इंग्रज राजवटीत युरोपियनांच्या बरोबरीने गणले जावे ही त्यांची धडपड होती, आणि मराठी बोलणारे सावळे धर्मबंधू त्या वाटेत आड येत. रंगूनच्या सिनेगॉगच्या कारभारात बेने इस्रायलांना मताधिकार आहे की नाही हा वाद थेट उच्च न्यायालयात गेला आणि १९३५ मध्ये निकाल बेने इस्रायलांच्या बाजूने लागला. समान धर्माने एकी आपोआप येत नाही, याला कागदोपत्री पुरावा हवा असेल तर तो हा.

राजकारणात समाजाचे एकच मत नव्हते. १९१७ मध्ये बेने इस्रायल परिषद आणि लगेच १९१८ मध्ये अखिल भारतीय इस्राएलाइट लीग अशा दोन संस्था निघाल्या. पहिलीचा कल राजकारणापासून दूर राहण्याकडे, दुसरीचा राष्ट्रीय चळवळीकडे. १९३७ मध्ये डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले. यहुदीद्वेषातून हाकलले जाणे या भूमीत वाट्याला आले नाही, आणि समाजाचे लेखक हे आवर्जून नोंदवतात. म्हणूनच १९४८ नंतर इतके लोक का गेले, हा प्रश्न अवघड आहे. सैन्यातल्या व सरकारी नोकऱ्यांतल्या स्थानाबद्दलची धास्ती, प्रार्थनांतून रोज येणारे जेरुसलेमचे नाव, आणि आधी गेलेल्या भावकीची ओढ, या तिन्हींचा त्यात वाटा होता. एक गेला की घर जाई, आणि घर गेले की गाव.

जेरुसलेमचा नियम

इस्रायलच्या १९५० च्या परतीच्या कायद्याने प्रत्येक यहुद्याला तिथे येण्याचा हक्क दिला. पण १९५३ च्या कायद्याने यहुद्यांचे विवाह व घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांकडे गेले आणि नागरी विवाहाची सोय ठेवली नाही. म्हणजे देशात शिरताना एक कसोटी आणि लग्न करताना दुसरी, अधिक कडक. बेने इस्रायल नेमके या दोहोंच्या मधल्या फटीत सापडले.

सुरुवातीचा अनुभवही कटू होता. बीरशेबासारख्या वाळवंटी गावांत वसवलेल्यांपैकी काहींनी रंगावरून भेदभाव होतो म्हणून धरणे धरले. १९५२ मध्ये शंभरावर माणसांना विमानाने भारतात परत पाठवण्यात आले. त्यांपैकी बरेच पुढे पुन्हा इस्रायलला गेले.

मोठा वाद विवाहाचा. रब्बींचा आक्षेप समजून घेतल्याशिवाय तो निव्वळ वर्णद्वेष वाटतो. यहुदी शास्त्रानुसार घटस्फोटाला ‘गेट’ हा हस्तलिखित दस्त लागतो: पतिपत्नींची नावे बिनचूक, दोन पात्र साक्षीदार, पतीने पत्नीच्या हाती देणे. यात दोष असेल तर ती स्त्री विवाहितच राहते, आणि दुसऱ्या पुरुषापासून झालेली तिची मुले ‘मम्झेर’ ठरतात. त्यांना सर्वसामान्य यहुद्याशी लग्न करता येत नाही आणि हा शिक्का वंशात उतरत जातो. शतकानुशतके रब्बी नसलेल्या समाजात गेटचे नियम कोण पाळणार, असा प्रश्न होता. निपुत्रिक विधवेला दिराने विधिपूर्वक मोकळे करण्याचा नियमही समाजाला ठाऊक नव्हता, हा दुसरा आक्षेप. बचावात मांडलेला मुद्दा मार्मिक आहे: कोकणातल्या शेजाऱ्यांप्रमाणे या समाजातही घटस्फोट आणि विधवाविवाह जवळजवळ होतच नसत, मग सदोष घटस्फोट कुठून येणार? कोकणी चालीरीत अशी जेरुसलेमच्या धर्मशास्त्रीय वादात साक्षीला उभी राहिली.

ऑक्टोबर १९६१ मध्ये मुख्य रब्बी मंडळाने समाजाचे यहुदीपण मान्य करून विवाहाला परवानगी दिली. फेब्रुवारी १९६२ मध्ये मात्र निर्देश निघाले: बेने इस्रायल वधू किंवा वर आले तर आईकडची वंशावळ निदान तीन पिढ्या, शक्य तेवढी मागे, तपासावी. ज्या खेड्यांत लग्ने काझी लावीत तिथली कागदपत्रे मिळणे कठीणच होते. मुळात ही तपासणी एका समाजाचे नाव घेऊन सांगितली होती, आणि संताप झाला तो त्याचा. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये दीर्घ धरणे धरले गेले. ऑगस्टमध्ये इस्रायली संसदेने बेने इस्रायल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे जाहीर केले, आणि महिनाअखेरीस रब्बी मंडळाने निर्देशातून समाजाचे नाव काढून ‘ज्यांच्या कौटुंबिक स्थितीबद्दल शंका आहे असे कोणीही’ असे शब्द घातले. शंका कोणाची घ्यायची हे मात्र विवाह नोंदणाऱ्या निबंधकाच्याच हाती राहिले, त्यामुळे पुढेही तुरळक तक्रारी येत राहिल्या.

याच वर्षांतला दुसरा खटला शेजारी ठेवून पाहावा. जन्माने यहुदी असलेला, पण कॅथलिक धर्म स्वीकारून संन्यासी झालेला ओस्वाल्ड रुफायझेन परतीच्या कायद्याखाली हक्क मागत होता. धर्मशास्त्राच्या दृष्टीने तो यहुदीच होता. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये त्याला तो नाकारला, कारण लोकव्यवहारात यहुदी या शब्दात ख्रिस्ती संन्यासी बसत नाही. पुढे १९७० च्या दुरुस्तीने व्याख्या आली: आई यहुदी असावी किंवा रीतसर धर्मांतर केलेले असावे, आणि अन्य धर्म स्वीकारलेला नसावा, हक्क मात्र यहुद्याच्या नातवंडापर्यंत वाढवला गेला. त्यामुळे नातवंड म्हणून आलेला नागरिक होऊ शकतो आणि तरी त्याच देशात यहुदी पद्धतीने लग्न करू शकत नाही.

सद्यस्थिती

आज समाजाचे बहुसंख्य लोक इस्रायलमध्ये, अश्दोद, दिमोना, लोद, रामला, बीरशेबा या गावांत आहेत. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक तिथून निघाले. जुन्या पिढीची मराठी कुलाबी वळणाची आहे. नातवंडे हिब्रूच बोलतात, पण मेंदी आणि मलिदा लग्नात राहतो. इथे ज्या गोष्टी शेजाऱ्यांशी सारख्या म्हणून नजरेत भरत नसत, त्याच तिथे ‘भारतीय’ म्हणून उठून दिसतात.

भारतात २०११ च्या जनगणनेत सर्व प्रकारचे यहुदी मिळून सुमारे साडेचार हजार भरले, त्यांतील निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. अलिबाग, पेण, पनवेल, रेवदंडा, ठाणे, पुणे येथील सिनेगॉग उभी आहेत. ठाण्याचे १८७९ चे. मुख्य अडचण माणसांची. सामुदायिक प्रार्थनेला आणि तोराहच्या जाहीर वाचनाला दहा प्रौढ पुरुष लागतात. कोकणातल्या गावी ते भरत नाहीत, म्हणून सणाला मुंबई-ठाण्याहून माणसे जमवावी लागतात. नऊच जमले तर ज्याची त्याची प्रार्थना होते, पण गुंडाळी पेटीतून बाहेर काढून वाचता येत नाही.

जून २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने यहुद्यांना धार्मिक अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याआधी अनेक सरकारी अर्जांत त्यांना ‘इतर’ या रकान्यात जावे लागे. जन्म-विवाहाच्या नोंदीत यहुदी ही स्वतंत्र नोंद करणे आणि अल्पसंख्याक शिक्षणसंस्था चालवणे या दोन बाबतींत त्याचा प्रत्यक्ष उपयोग आहे. यहुदी विवाहासाठी भारतात स्वतंत्र संहिताबद्ध कायदा नाही. धार्मिक विधीने झालेला विवाह रूढीनुसार मान्य होतो, आणि ज्यांना तो नको ते १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करतात. इस्रायलमध्ये लग्न करू पाहणाऱ्याला इथल्या सिनेगॉगचा केतुबा जपून ठेवावा लागतो, आणि शक्य असेल तर आईचा आणि आजीचाही.